एफी लमस्डेनचा पहिला टोला

गोल्फ हाताने खेळतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी हल्ली वाद घालत नाही. सत्तरी उलटली, आता भांडणंसुद्धा निवडून करायची. किलफिलन गावच्या मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहण्यात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना टोला मारायला शिकवण्यात माझा जन्म गेला. डॉक्टर आले, वकील आले, एक बिशपसुद्धा येऊन गेला. सगळ्यांचा रोग एकच. चेंडू दिसला की हात आधी धावतात. घरातली बाकीची माणसं अजून बूट शोधतायत आणि हा एकटाच स्टेशनवर जाऊन उभा. मग चेंडू जातो झुडपात, आणि साहेब काठीकडे बघतात. काठीचा काय दोष त्यात.

खरा क्रम जमिनीपासून सुरू होतो. काठी मागे वर जाते, आणि ती पुरती थांबायच्या आत डावा पाय जमिनीवर भार घेतो. मग कंबर वळते. कंबर वळून अडते आणि आपला जोर पाठीला देऊन टाकते. खांदे वळतात, अडतात, हातांना देतात. हात मनगटांना देतात. मनगटं सगळ्यात शेवटी, अगदी चेंडूपाशी येऊन, काठीला मोकळं सोडतात. ज्याची पाळी त्याने जोर करायचा आणि लगेच थांबायचं. हे थांबणं कोणाला जमत नाही. कंबर थांबली नाही तर खांद्यांच्या हाती काही लागत नाही, आणि खांदे हावरट झाले तर हात उपाशी. हे सगळं 'एक' म्हणायच्या आत होतं. एवढ्या वेळात माणसाला शिंकही धड देता येत नाही.

तीस वर्षं मी हे घसा कोरडा करून सांगत आलोय. आणि आमच्या गावात ज्या एका माणसाच्या अंगात हे न शिकता होतं, तिने माझ्याकडून एकही धडा घेतला नव्हता. ती एफी लमस्डेन. शाळेत माझ्याच वर्गात होती. पुढे टपालकचेरीच्या खिडकीवर बसायची आणि दर गुरुवारी गावच्या हॉलमध्ये लोकांना नाच शिकवायची. पाच फूट उंची, हाडं चिमणीची. पण काठी फिरवली की चेंडू जवळजवळ दोनशे पावलं. बघणाऱ्याला जोर कुठे लावला ते कळायचंच नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, "एफी, तू नेमकं करतेस काय?" तर म्हणाली, "काही करत नाही, मास्तर. मी फक्त कोणाच्या मध्ये येत नाही." त्यावर मी दोन दिवस चिडून होतो, कारण माझ्या सगळ्या धड्यांपेक्षा ते बरं होतं.

बायकांना आमच्या क्लबात घेऊन पुरती सहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ऑगस्टमध्ये एफीला कप्तान निवडलं. तीन मतांनी. ज्यांनी विरोधात मत दिलं ते हसून अभिनंदन करत होते, त्यावरून कोण कोण ते कळलं. आणि सप्टेंबरात, पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, तिला झटका आला. डावी बाजू गेली. नाताळपर्यंत वाचा पुरती परत आली, ती आधीपेक्षा तिखट होऊन आली. पाय मात्र ओढत होता, आणि डाव्या हातात चहाचा कप धरला की अर्धा चहा बशीत.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहाला नवा कप्तान पहिल्या टीवरून, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या जागेवरून, एकच चेंडू मारतो. दुसरा नाही. चुकला तर चुकला. सगळं गाव बघायला येतं. आम्ही पिशव्या वाहणारे कॅडी, जुने सभासद, ज्याला हौस असेल तो समोर मैदानात जाऊन उभा राहतो. चेंडू उचलून आणणाऱ्याला कप्तानाकडून व्हिस्कीची बाटली मिळते. म्हणजे चेंडू जिथे जाईल असं वाटतं तिथे उभं राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण कोण कुठे उभा आहे हे चारशे माणसं बघत असतात. फार जवळ उभे राहिलात तर कप्तानाचा अपमान, फार लांब गेलात तर लाळघोटेपणा. तुमचं मत काय ते तुमचे पाय सांगतात, तोंड उघडायची गरजच नाही. आणि कप्तानाने काठी हातात घेतली की टोला बसेपर्यंत जागा बदलायची नाही. मग पाऊल हललं तर पुढच्या वर्षी मैदानात पाय ठेवायचा नाही.

टीपासून सत्तर पावलांवर ओढा आहे. एकसष्ट साली एका बँकवाल्या कप्तानाचा चेंडू त्या ओढ्यात पडला. तो माणूस मरून चाळीस वर्षं झाली, त्याच्या नातवाची बेकरी आहे, आणि आजही गावात कोणाला पाव आणायला पाठवायचं तर 'ओढ्यातल्याकडून आण' असंच म्हणतात. आमचं गाव पैसे विसरेल, उपकार विसरेल, हे विसरत नाही.

म्हणून जानेवारीत क्लबचे चिटणीस लॉकहार्टसाहेब एफीच्या घरी आले. मी तिथेच होतो, सूप पीत. एफीची मुलगी मॉरवेन आईच्या खुर्चीमागे उभी होती. लॉकहार्ट म्हणजे सभ्यपणाचा अर्क. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "एफीबाई, समितीने विचार केला. ओढ्याच्या पलीकडे एक चटई टाकू. तुम्ही तिथून मारा. किंवा तुमच्या वतीने कोणीतरी मारेल. कोणी काही म्हणणार नाही."

"कोणी काही म्हणणार नाही?" एफी म्हणाली. "या गावात?"

"आई, ऐक ना जरा," मॉरवेन म्हणाली. "पडलीस तर काय करायचं?"

"पडले तर उचला." मग ती लॉकहार्टकडे वळली. "साहेब, मी गेले की माझ्या वतीने कोणी मारा, माझी हरकत नाही. तोवर मी मारणार, आणि जिथून सगळ्या पुरुषांनी मारलं तिथूनच मारणार. चटईवरून मारलं तर उद्या लोक म्हणतील, बाईसाठी ओढा हलवला. आणि ओढ्यात गेला तर मी ओढ्यातली बाई. मग पुढची पन्नास वर्षं तुम्ही एकीलाही उभी करणार नाही. खोटं आहे का?"

लॉकहार्टनी टोपी उलटीपालटी केली. खोटं नव्हतं.

ते गेल्यावर एफी माझ्याकडे बघून म्हणाली, "सूप संपलं असेल तर सांग, मंगळवारी किती वाजता येऊ?"

"कुठे?"

"शेडमध्ये. इतकी वर्षं मला शिकवायला तडफडतोयस ना. आता शिकव."

खरं सांगतो, मला आनंद झाला. 

मी हिशेब घातला. डावा पाय भार घेत नाही, म्हणजे माझ्या क्रमातला पहिलाच गडी गळाला. पहिलाच गळाला तर कंबर कोणाच्या जिवावर वळणार? तेव्हा पाय आणि कंबर सोडून द्यायची. दोन्ही पाय रोवून उभं राहायचं, उजव्या हाताने काठी अर्ध्यात मागे न्यायची आणि नुसत्या खांद्याने चेंडू ढकलायचा. दिसायला भिकार, पण ओढा ओलांडायला पुरे. माझा सगळा जन्म ज्या चुकीवर ओरडण्यात गेला, तीच चूक मी एफीला शिकवायला निघालो होतो. पण दुसरा इलाज दिसत नव्हता.

एफीला हे पटलं नाही. तिसऱ्याच मंगळवारी तिने काठी भिंतीला टेकवली. "माझा डावा पाय कुठे आहे यात?"

"त्याला विसर."

"विसर काय? माझाच आहे तो. आखडलाय, मेलेला नाही."

"एफी, तो वेळेवर येत नाही. तो येईपर्यंत हात खाली येऊन गेलेले असतात."

"मग हातांना थांबायला सांग." ती बाकावर बसली. दमली होती, पण डोळे चमकत होते. "तुला नाचाची रांग माहीत आहे ना? एक बाई एकेकाच्या कोपरात कोपर घालून गिरकी घेत पार टोकापर्यंत जाते. प्रत्येकाने तिला एक फेरी द्यायची आणि सोडायचं. आपल्या रांगेत आर्ची बेव्हरिज असायचा, गुडघा गेलेला. त्याला आम्ही कधी वगळलं का? त्याच्यापाशी अर्धा ठेका जास्त थांबायचो. तो आपला कोपर पुढे करायचा, बिचाऱ्याची गिरकी कसली, नुसता टेकू. पण तो टेकू मिळाला की पुढचा गडी तिला तसाच जोरात फिरवायचा. आर्चीला गाळला असता ना, तर रांगेत भोक पडलं असतं, आणि बाई तिथेच आपटली असती."

"नाचात चेंडू नसतो, एफी."

"तुझ्या डोक्यात चेंडूशिवाय आहे काय?"

आणि माझं न ऐकता ती उठली, काठी पूर्ण मागे नेली, डाव्या पायावर यायला गेली आणि धाडकन खाली आली. मी तिला उचललं. भीती वाटली की माझ्या तोंडाला धरबंध राहत नाही, हा माझा जुना दोष. "मरायचंय का तुला? हट्टापायी पोरीला अनाथ करशील. पुन्हा तो पाय उचललास तर शेडला कुलूप लावीन." असं बरंच काही बोललो. ती कपड्यावरची धूळ झटकत ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

त्यानंतर ती शिष्यासारखी वागली. पाय रोवून उभी राहायची, अर्धी काठी, खांद्याचा धक्का. मार्चच्या शेवटी शेडच्या उघड्या बाजूने मैदानात मारलेला चेंडू पंचाहत्तर पावलं जायला लागला, एकदा पंच्याऐंशी. मी खूश. ओढा सत्तरवर, म्हणजे जीव भांड्यात. ती काही बोलायची नाही, चेंडू मारायची, काठी पुसून ठेवायची आणि घरी जायची. एफी गप्प बसली की माणसाने घाबरायला हवं, एवढं तरी साठ वर्षांत मला कळायला हवं होतं. रविवारी दुपारी हॉलवरून जाताना आतून मॉरवेनचं अकॉर्डियन ऐकू यायचं, एकच चाल, फार सावकाश, पुन्हा पुन्हा. मला वाटलं नाचाचा वर्ग परत सुरू झाला. म्हटलं, बरं आहे, बाईचं मन रमतंय.

शनिवार उजाडला. वारा पश्चिमेचा, पाठीवरचा, जमीन वाळून टणक. आठ दिवस पाऊस नव्हता. दहाला पाच कमी असताना आम्ही पंधरा-वीस जण मैदानात उतरलो. मासेवाला डूगी तर चक्क ओढ्यातच जाऊन उभा राहिला, छातीपर्यंतचे रबरी बूट घालून, हातात मासे धरायची जाळी. टीजवळचे लोक खो खो हसले. मला त्या डूगीचं मुस्काट फोडावंसं वाटलं.

"डूगी, लाज वाटत नाही?" मी ओरडलो.

"मी तिच्या भल्यासाठी उभा आहे रे," तो म्हणाला. "चेंडू भिजायच्या आत धरीन."

बहुतेक जण ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत होते. कोणाला अपमान करायचा नव्हता, कोणाला बाटली सोडायची नव्हती. मी सरळ पुढे गेलो. तिचा सगळ्यात लांबचा टोला पंच्याऐंशी. मी त्यात प्रेमाचे दहा घातले आणि पंच्याण्णववर जाऊन पाय रोवले. मला माझा अभिमान वाटत होता. म्हटलं, बघा, तिच्या मास्तराचा तिच्यावर किती विश्वास आहे. सगळ्यांच्या पुढे उभा आहे.

सगळ्यांच्या पुढे मी नव्हतो. मागे वळून बघतो तर मॉरवेन. माझ्या खूप मागे, पार पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांजवळ, कोटाच्या खिशात हात घालून उभी. या पोरीला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही.

"मॉरवेन," मी हाक मारली, "तिथे काय मेंढ्या राखतेस? इकडे ये, माझ्या जवळ उभी राहा."

"मी इथेच बरी आहे, रॅबकाका."

"अगं, संध्याकाळपर्यंत उभी राहिलीस तरी तिथे काही येणार नाही."

ती नुसती हसली. मला तिची कीव आली. म्हटलं, आईवरची माया, दुसरं काय.

मग एफी टीवर आली. राखाडी स्कर्ट, निळा स्वेटर, कप्तानाची लाल पट्टी खांद्यावर. चालायची छडी तिने लॉकहार्टच्या हातात दिली आणि सगळ्यात लांब काठी, तिचा ड्रायव्हर, हातात घेतला. झालं, आता कोणी हलायचं नाही. चेंडू ठेवायला ती वाकली तेव्हा चारशे माणसांनी श्वास धरला. ती सरळ झाली आणि मैदानाकडे बघितलं. सावकाश, एकेकाकडे, हजेरी घेतल्यासारखं. डूगीकडे बघितलं. ओढ्याजवळच्यांकडे बघितलं. मग माझ्यावर नजर थांबली. मी हात वर केला. तिने केला नाही.

आणि तिने काठी मागे न्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबेल, मी शिकवल्याप्रमाणे. ती थांबली नाही. काठी वर गेली, खांदे पुरते वळले, पाठ माझ्याकडे झाली, आणि काठी पार डोक्यावर जाऊन तिथे राहिली. डावी टाच जमिनीवरून उचललेली. माझ्या तोंडून शिवी गेली. मला वाटलं, तोल गेला, आता पडणार.

ती पडत नव्हती. ती वाट बघत होती. डाव्या पायाची. काठी वर, हात वर, खांदे ताणलेले, आणि एकानेही घाई केली नाही. तीस वर्षांत मी हजार माणसांना ओरडून सांगितलं की हातांनो थांबा, एकाचेही थांबले नाहीत. तिचे थांबले. अर्धा ठेका. मग ती टाच खाली आली, जड, वाकडी, पण आली, आणि जमिनीला लागली. त्या पायाने जेवढा जमला तेवढा टेकू दिला. कंबरेने तो घेतला. मी पंच्याण्णव पावलांवरून बघत होतो, पण कंबर वळून अडली ते मला हातभरावरून दिसल्यासारखं दिसलं. खांदे सुटले आणि अडले. डावा हात कमजोर होता, त्याने ओढलं नाही, नुसती वाट दाखवली, आणि उजव्याने आगाऊपणा न करता त्याला सांभाळून खाली आणलं. मनगटं शेवटपर्यंत मिटलेली राहिली. झटक्याआधी तिच्या अंगात हे आपोआप व्हायचं. आता एकेका अवयवाला विचारून, समजूत काढून, पाळी लावून तिने ते केलं होतं. त्याहून सुंदर काही मी त्या टीवर पाहिलेलं नाही, आणि मी तिथे मोठमोठ्यांना पाहिलंय.

काठी चेंडूला लागायच्या आधीच मला कळलं. माझा धंदाच तो. त्या कंबरेवरून कळलं की हा चेंडू पंच्याण्णवचा नाही. मी चुकीच्या जागी उभा होतो, चारशे माणसांदेखत, आणि मला एक पाऊल मागे घेता येत नव्हतं.

टोल्याचा आवाज आला, कोरडा, स्वच्छ. चेंडू ओढ्यावरून गेला, तेव्हा डूगीने जाळी खाली केली. मग तो माझ्या डोक्यावरून गेला. बराच वरून. मी मान वर करून बघत राहिलो. तो माझ्या मागे टणक जमिनीवर पडला, उसळला, आणि वारा पाठीशी असल्याने घरंगळत झुडपांच्या दिशेला गेला. मॉरवेन चार पावलं बाजूला सरकली आणि तो तिच्या बुटापाशी येऊन थांबला.

टीवर एकच गिल्ला झाला. ज्यांनी विरोधात मत दिलं होतं तेही टोप्या उडवत होते. लॉकहार्टसारखा माणूस तिची छडी डोक्यावर फिरवत होता. लोक आता आपापल्या जागा सोडून धावत टीकडे निघाले. कोणीतरी जाता जाता म्हणालं, "काय रॅब, मास्तर ना तू तिचा?" मी हललो नाही. हलायची बंदी संपली होती, पण मला हलावंसं वाटेना. मला इतका आनंद झाला होता की छातीत दुखत होतं, आणि इतकी शरम वाटत होती की कोणाकडे बघवत नव्हतं. डूगी ओढ्यात उभा राहिला ते टवाळी म्हणून. मी विचार करून, हिशेब घालून, प्रेमाने तिला कमी लेखलं होतं.

मॉरवेनने चेंडू उचलला नाही. ती त्याच्याजवळ उभी राहून आईकडे बघत होती. रीत अशी की चेंडू कप्तानाकडे आणायचा. पण एफीने हात हलवून तिला थांब म्हटलं, लॉकहार्टकडून छडी परत घेतली आणि स्वतःच मैदानात उतरली. लोक बरोबर यायला लागले, त्यांना तिने तिथेच उभं केलं. ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडायला तिला वेळ लागला. डाव्या पायाने त्या एका क्षणासाठी होतं नव्हतं ते सगळं दिलं होतं, आता तो नुसता मागून येत होता.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. धापा टाकत होती. कपाळावर घाम.

"इथे होतास तर," ती म्हणाली.

"इथेच होतो." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "एफी, मी चुकलो. मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

"माहीत आहे मला."

"मला सांगितलं का नाहीस? रविवारी हॉलमध्ये तू हेच करत होतीस ना?"

"झाडूचा दांडा घेऊन. मॉरवेन वाजवायची. आधी आर्चीच्या ठेक्यावर, मग हळूहळू थोडं जलद. तीस-चाळीस वेळा पडले असेन, खाली गाद्या टाकल्या होत्या." तिने घाम पुसला. "तुला सांगितलं असतं तर तू सुधारायला लागला असतास."

 ते खरंच होतं.

"राग आलाय?" मी विचारलं.

"आला होता. तिकडून तू दिसलास तेव्हा. डूगीचं मला काही वाटलं नाही, तो गाढव आहे. तू दिसलास आणि इथे लागलं." तिने छातीवर हात ठेवला. डावा हात, सावकाश वर आला तो. "मग म्हटलं, जाऊ दे, आता त्याच्या डोक्यावरून मारू."

लांबून मॉरवेन हाक मारत होती, चेंडू उचलू का म्हणून.

"थांब," एफीने ओरडून सांगितलं. मग मला म्हणाली, "माझी नजर एवढ्या लांबवर जात नाही हल्ली. कुठे पडलाय ते मला जवळून बघायचंय. पण हा पाय आता चालणार नाही. हात दे."

मी कोपर पुढे केला. तिने त्यात आपला डावा हात अडकवला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. आम्ही निघालो. ती एक पाऊल टाकायची, मग डावा पाय ओढून घ्यायची, मग थांबायची. मागे टीवर चारशे माणसं कप्तान परत येण्याची वाट बघत उभी होती आणि एफीला कसली घाई नव्हती. मी जिथे उभा होतो तिथून तिच्या चेंडूपर्यंतचं सगळं अंतर तिने मला तिच्याबरोबर चालायला लावलं. बासष्ट पावलं होती. मी एकेक मोजली.